गोणपाट

अडलेल्या बाळंतपणात मूल दगावलं आणि मनकर्णाच्या मूत्राशयाला छिद्र पडलं. लघवी सतत गळू लागली, तशी सासरच्यांनी गोणपाट देऊन तिला गोठ्यात ढकललं. शेवटी आईनंच तिला चामोर्शीहून नागपूरच्या मूत्ररोगाच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून छिद्र बुजवलं. आज लघवीची नळी काढली, तरी चादर कोरडीच! गोठ्यात कधी न डोकावलेला नवरा नेमका आजच उगवला. “बरी झाली ना? चाल घरी. धान कापनीले आलं,” म्हणत तो खाटेवर टेकायला गेला. “तिथी नोका बसू,” मनकर्णा म्हणाली. आईनं दहादा सांगूनही न फेकलेलं ते गोणपाट गाठोड्यातून काढून मनकर्णानं त्याच्यापुढे अंथरलं. दर्प सुटला. धोतराचा सोगा नाकाला लावून तो मागं सरकला. “यावर मानूस बसते का?” “मी बसली ना वो. तुमच्याच घरचं आहे. आधी बसा, मंग चाल म्हना.”