यादीच्या तळाशी

श्वास. डावा हात. आल्याच्या चहाचा वास. सतराचा पाढा. शेजारच्या सायकलची घंटी.

अर्धांगवायूनंतर भास्कररावांच्या डोक्यात बसवलेला संगणक त्यांना रोज एका यादीनुसार याच क्रमाने जागं करायचा. ती पद्धत कालबाह्य झाली, म्हणून त्यांची मुलगी मेधाने आज एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, चालवून नवी पद्धत बसवली. आता सगळं एकदम सुरू होणार होतं.

भास्करराव चटकन उठून बसले. "मेधा, चहा टाक. आणि या बाई कोण?"

"अहो, चेष्टा पुरे," सुलभाताई म्हणाल्या. "बायकोला बाई म्हणतात होय?"

ते संकोचून हसले. "बसा ना. उभ्या का?"

मेधाने पडद्यावर जुनी यादी शोधली. ती पुसली गेली होती. "आई, यादीत तू हाताने काही लिहिलं होतंस? स्क्रिप्ट नव्या पद्धतीत फक्त कंपनीच्या ओळी उचलते."

"तळाशी एक ओळ. माझ्या आठवणीची. ती यांच्या मेंदूत कुठे आहे त्याचे आकडे तेव्हाचा तंत्रज्ञ सांगत गेला, मी टाइप करत गेले."

"कुठले आकडे?"

"अकरा वर्षं झाली गं. तो माणूसही गेला."

सुलभाताई खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारख्या बसल्या.

सुरुवातीलाच स्क्रिप्टने विचारलं होतं, जुन्या यादीची प्रत ठेवायची का. मेधाने 'नाही' दाबलं होतं.