चिखलातले ठसे

पेठच्या नवसाबाई एक जुना फोटो घेऊन इंदिरानगरला तृप्तीकडे आल्या. तृप्ती वन्यप्राण्यांची अभ्यासक. नवसाबाईंचा नवरा रानात गेला तो परतलाच नव्हता, आणि त्याच दिवशी त्याच रानात कुणीतरी फोटोतलं हे जनावर कॅमेऱ्यात टिपलं होतं.

"यानंच खाल्लं का त्याला, तेवढं सांगा."

तृप्तीने फोटो स्क्रीनवर मोठा केला. तरस नव्हतं. लांडगाही नव्हता. मग तिला चिखलातले ठसे दिसले. माणसाची अनवाणी पावलं थेट जनावराच्या पायांपर्यंत आली होती. जनावराचे ठसे मात्र कुठेच नव्हते.

नवसाबाई वाकून पाहू लागल्या.

"डाव्या पायाला सहा बोटं. त्याचंच पाऊल हाय."

मग त्यांनी जनावराच्या तोंडावरून हळूच बोट फिरवलं.

"घरी का नाय आलास रं?"