पुढची टाळी

बाबा उंबऱ्यापाशी अडकले.

वरचं अंग पुढे झुकलेलं, निघालेलं, आणि पाय तिथेच. खिळे ठोकल्यासारखे. मुलाने बॅग उचलली होती, ती परत खाली ठेवली.

फाटकाबाहेर वृद्धाश्रमाची गाडी उभी होती आणि गाडीला टेकून आश्रमाचा माणूस. त्यांचा नियम सरळ होता. स्वतःच्या पायाने येईल त्यालाच घेतात. बाबा फाटकापर्यंत चालत आले तर जागा पक्की, नाहीतर गाडी रिकामी परत. म्हणून तो बघत होता. मोबाईलमध्ये डोकं घातल्यासारखं दाखवत बघत होता.

मुलाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

हे डॉक्टरांनी शिकवलेलं. पाय उचल म्हणून मेंदूकडून जो निरोप निघतो तो वाटेतच अडकतो, पण कान शाबूत आहेत. सारख्या अंतराने टाळी वाजवा, म्हणाले. दोन-चार ऐकल्या की पुढची कधी पडणार ते मेंदू आधीच ओळखतो आणि पाय तिला गाठायला आपोआप उठतो. बाबांच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. अख्खं आयुष्य ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवलेला माणूस.

पाय उठला नाही.

"गाडी सुटतेय का तुझी?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

सारखीच तर वाजवतोय, मुलगा म्हणाला. परत सुरू केलं. टाळी नीट सुरू व्हायची आणि त्याच्या नकळत पळायला लागायची. प्रत्येक टाळी आपल्या जागेच्या जरा आधी. चपलेत बाबांचा अंगठा हलायचा, निघायचा, तोवर ती पडून गेलेली असायची.

"पळवतोयस," बाबा म्हणाले. "मला."

मुलाचे कान लाल झाले. त्याने बायकोला हाक मारली. तूच ये, तुलाच सवय आहे म्हणाला.

सवय होतीच. पलंगापासून बाथरूम, बाथरूमपासून पलंग, रोज तीच वाजवायची. सकाळपासून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती. आता आली, ओले हात पुसत. बाबांच्या शेजारी उभी राहिली आणि एक टाळी वाजवली. मग दुसरी. मधलं अंतर ना कमी ना जास्त. थोड्याच वेळात बाबांचा उजवा पाय उंबऱ्यापलीकडे पडला होता.

पायरी उतरले. अंगणात आले. मागून बॅग घेऊन मुलगा. आश्रमाच्या माणसाने मोबाईल खिशात ठेवला.

अंगणाच्या मधोमध सुनेच्या लक्षात आलं आपण काय करतोय ते. आता हात थांबवले की हे इथेच उभे राहतील. गाडी रिकामी जाईल. आणि उद्यापासून परत तेच, ओल्या चादरी, रात्रीच्या हाका, आणि त्या हाकांना उठणारी ती एकटी. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात आल्या, आणि एक टाळी उशिरा पडली.

बाबांचा पाय अर्ध्यावर थबकला. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ही टाळी का चुकली तेही त्यांना ऐकू आलं असणार.

"चुकू नकोस, पोरी," ते हळूच म्हणाले. "वाजव. फाटकापर्यंतच तर आहे."

तिने वाजवली. डोळे गळत होते, हात मात्र जागच्या जागी पडत होते. बाबा ताठ चालत गेले, पुढे स्टेज असल्यासारखे. गाडीच्या दाराला धरून स्वतः आत बसले आणि दोन्ही पाय हाताने उचलून आत घेतले.

आश्रमाचा माणूस खूश झाला. मुलाच्या हातातून बॅग घेत म्हणाला, "अहो, किती मस्त चालतात की. मग घरी का नाही ठेवत?"

सून शेजारीच उभी होती, लाल झालेले तळवे एकमेकांवर दाबून. मुलाने आधी गाडीचं दार लावलं.

"हिला झेपत नाही हो," तो म्हणाला.