आवडीने बसलेले

रश्मीने आक्काबाईंची रेघ 'आवडीने बसलेले' या रकान्यात मारली. दुपारी तीनपासून म्हातारी घराच्या पायरीवर बसली होती. वैशाखाच्या उन्हात एवढा वेळ उगाच कोण बसेल? अहिल्यानगरच्या या रुंद केलेल्या रस्त्याला, तिथे किती माणसं आवडीने थांबतात-बसतात ते मोजून, शंभरपैकी गुण द्यायचे होते. कॉलेजने ते काम रश्मीच्या गळ्यात घातलं होतं. सहा वाजेपर्यंत जागा सोडायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

"पोरी, पलीकडचं निळं दार उघडं हाय का?" आक्काबाईंनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना तिकडचा नुसता रंग दिसायचा.

"उघडं आहे, आजी. कोण राहतं तिथं?"

"सरवरी. माझी मैतरीन. पयले हितून हाक मारली की चुलीपासनं ओ द्यायची."

आता मध्ये कमरेएवढा दुभाजक होता, त्यावर लोखंडी जाळी. वळसा घालायचा तर अर्धा किलोमीटर, आणि आक्काबाईंचे गुडघे अंगणातच बोंब मारायचे. चार वर्षं दोघी आपापल्या दारात बसून हात हलवत होत्या. गाड्यांच्या आवाजात हाक कसली पोचते!

आक्काबाईंच्या मांडीवर झाकलेली वाटी होती. "तिचीच हाय. ईदला शिरखुर्मा धाडला हुता. रिकामी कशी परत देऊ? आज बुद्धपुनवेची खीर केलीया. मला धरून पलीकडं नेतीस का? लई दिस झालं, तिचं तोंड न्हाई बघितलं."

रश्मीने घड्याळ पाहिलं. साडेचार.

"सहाला मोजणी संपली की नेते, आजी. नक्की."

"बरं. मी काय, हितंच हाय," आक्काबाई म्हणाल्या आणि झाकण नीट केलं.

पाचनंतर निळ्या दारापुढे माणसं जमू लागली. सहा, अकरा, मग पंचवीस. तीन दिवसांत या रस्त्यावर एवढी माणसं थांबलेली रश्मीने पाहिली नव्हती. ती भराभर रेघा मारत होती. रस्त्याला बरे गुण मिळणार म्हणून वेडी पोर खूशही झाली.

"आजी, तुमच्या मैत्रिणीकडे खूप माणसं आलीत."

"पाव्हनं असत्याल. नातीचं जमतंय म्हनत हुते." आक्काबाई हसल्या. "कैनातचं."

मग निळ्या दारातून जनाजा बाहेर आला.

सरवरीआजींचाच, असं तिकडे निघालेला एकजण रश्मीला म्हणाला. साडेचारला म्हातारीला धरून नेलं असतं, तर शेवटचं तोंड तरी दिसलं असतं.

"काय झालं गं? गप का झालीस?"

"आजी..." रश्मीला रडू फुटलं. "सरवरीआजी गेल्या."

पलीकडच्या लोकांनी रस्त्यात उतरून हात आडवे केले. ट्रक, एसटी, टेम्पो जागच्या जागी थांबले. ते पाहून अलीकडच्या गाड्याही उभ्या राहिल्या आणि एकेक इंजिन बंद झालं.

आक्काबाई भिंतीला धरून उठल्या. वाटी त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

"सरवरे!"

चार वर्षांत पहिल्यांदा ती हाक पलीकडे पोचली. खांदा देणाऱ्यांनी वळून पाहिलं.