सहावं गाणं

अंगणात चौथं गाणं वाजून संपलं.

नीलेशने सीडी प्लेअरचा आवाज थोडा वाढवला. गौराबाई, त्याची आत्या, सुपात तांदूळ निवडत होती. तिचा दीर पोश्या खांबाला टेकून बसला होता. तो ऐकत होता की झोपला होता, कळत नव्हतं.

"हे गाणं हाय?" पोश्याने डोळे न उघडताच विचारलं.

"हिप-हॉप म्हणतात त्याला, काका. चाल फारशी नसते. ठेक्यावर बोलायचं."

"मग सरळ बोलायचं ना."

नीलेशला राग आला नाही. ठाण्यात त्याने हा आल्बम भेटेल त्याला ऐकवला होता. एकाने टेप अडकलीय का विचारलं. एक जण दुसऱ्या गाण्यातच चहा प्यायला उठला. कॉलेजातला मित्र 'वेगळं आहे' म्हणाला आणि पुन्हा भेटला नाही. वर्षभराचे रविवार नीलेशने उसन्या कॉम्प्युटरवर घालवले होते. कंडक्टरची घंटी, वीटभट्टीवरची खटखट, बाजारातला गलका, सगळं कापून, उलटं करून ठेक्यात बसवलेलं. आता कोणी काहीही म्हटलं तरी त्याच्या आत काही हलत नसे. सूर्यमाळला आत्याच्या पाड्यावर तो आला होता ते एवढ्यासाठीच, की पहिल्या गाण्याचा ठेका आत्याच्या उखळातून घेतला होता. ज्यांचे आवाज घेतले त्यांनी एकदा ऐकावं, मग सीडी कपाटात जाईल.

"ते पयलं माझं मुसळ होतं," आत्या म्हणाली. "पण इतक्या घाईनं कोण कांडतं? कणी होईल सगळी."

पाचवं गाणं वाजून गेलं. कुंपणाशी तुका उभा होता. त्याचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला. कोणी बोलावलं नव्हतं, तरी तो मघापासून ऐकत होता.

सहाव्या गाण्यात शब्द नव्हते. बाजाराचा गलका, खाली संथ ठोका आणि मध्येच एका बाईचा आवाज: "घ्या ओ ताई, कवळ्या हायत शेंगा." मग ती हसायची. ते हसणं नीलेशने मध्येच तोडून पुन्हा पुन्हा जोडलं होतं.

आत्याचा हात सुपात थांबला. पोश्याने डोळे उघडले.

"ही रामी हाय," तो म्हणाला.

विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन हिराबाई चालली होती. ती कुंपणापाशी थांबली.

"बंद कर ते."

"हिरे, ऐक तरी," आत्या म्हणाली. "तुझ्या पोरीचा आवाज..."

"माझी पोर गेली. दिवस घातले मी तिचे."

ती चालू लागली. हंड्यातलं पाणी सांडलं नाही.

नीलेशला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो वाढला जव्हारला, आत्याकडे यायचा तो दिवाळीपुरता. आत्याने हळू आवाजात सांगितलं. रामी म्हणजे हिराबाईची मुलगी, तुकाची बायको. सहा वर्षांपूर्वी दोघं भिवंडीकडे भट्टीवर गेली होती. एके सकाळी रामी दिसेना. खाडीच्या काठाला चपला तेवढ्या सापडल्या.

"महिनाभरात हिरीनं दिवस घालून टाकले. डोळ्यातनं टिपूस नाय. दगड हाय ती बाई. आणि हा बघ, तुका. दुसरी केली नाय त्यानं. हातानं रांधून खातो. रामी तशी धांदरट, सारखी पडायची. दोनदा हात मोडला तिचा, दोन्ही वेळेस यानंच उचलून मोखाड्याला नेली."

तुका अंगणात आला आणि प्लेअरपुढे उकिडवा बसला.

"परत लाव, भाऊ."

नीलेशने लावलं. तुकाने कान स्पीकरच्या जाळीपाशी नेला. हसणं तुटलं, जुळलं, परत तुटलं. तुकाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. आजवर नीलेशचं गाणं असं कोणी ऐकलं नव्हतं.

"कुठं भरलास हा आवाज?"

"डोंबिवलीला. स्टेशनाबाहेर पुलाखाली भाजीवाल्या बसतात, तिथं."

"कधी?"

"गेल्या दिवाळीनंतर."

"रोज असते ती?"

"मी दोनदा गेलो, दोन्ही वेळेला होती. पिवळ्या छत्रीखाली, जिन्याच्या बाजूला." नीलेशने सीडी काढून पुढे केली. "दादा, ही ठेवा तुम्ही."

"सीडी नको," तुका म्हणाला. "समजलं मला."

ऊन उतरायच्या आत तो खोडाळ्याच्या जीपमध्ये बसून गेला. नीलेश बराच वेळ अंगणातच होता. कित्येक महिन्यांनी त्याला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. एका माणसाला तरी ते गाणं उपयोगी पडलं होतं.

सकाळी तो बॅग घेऊन फाट्यावर आला, तर हिराबाई आधीच तिथं बसलेली. अंगात धुतलेलं लुगडं, मांडीवर छोटं गाठोडं. ती पाडा सोडून कुठं जात नाही, असं आत्या म्हणाली होती.

"ते गाणं कोणाला ऐकवू नको," ती म्हणाली. "पुसून टाक."

"काकी, एवढ्यात आशा सोडू नका." नीलेश तिच्याशेजारी बसला. "तुकादादाला मी सगळं नीट सांगितलंय. पूल, जिना, छत्री. कालच्याच जीपनं गेला तो. आत्तापर्यंत पोचलासुद्धा असेल."

हिराबाई उठायला गेली आणि परत खाली बसली. लांबून गाडीचा आवाज येत होता. ती बोलली तेव्हा रस्त्याकडेच बघत होती.

"सहा वर्षं त्याच्यापासूनच लपवली होती रे मी तिला."