चारही टायर

आज घरी दूध का आलं नाही, ते भाऊसाहेबांना ओरछा गेटपाशी पोचल्यावर कळलं. पहाटे कुणीतरी भरधाव गाडीखाली दूधवाल्याला चिरडून, न थांबता निघून गेलं होतं. सांडलेल्या दुधातून पुढे उमटत गेलेल्या टायरच्या नक्षीचे पोलीस फोटो काढत होते. "असल्या राक्षसाला भर चौकात फोडून काढला पाहिजे," असं बडबडतच भाऊसाहेबांनी आपलं टायरचं दुकान उघडलं.

पाठोपाठ नीरजची गाडी दारात येऊन थांबली. मागच्या चाकांच्या जोरावर उसळणारी दांडगी गाडी! तिचे टायर निवडताना या पोरानं बापाचं डोकं खाल्लं होतं. मागचे रुंद हवेत, रबर मऊ हवं, ओल्या रस्त्यावर पकड सुटता कामा नये. अखेर दिल्लीहून मागवलेले टायर बसवून आठवडाही झाला नव्हता.

"बाबा, चारों बदल दो. अभी."

"अरे, कोरे करकरीत आहेत की! बरं, आता कोणते हवेत?"

नीरजनं मान वर केली नाही.

"कोई भी. फक्त नक्षी वेगळी हवी."