पावणेपाचची गाडी

जुन्या गाड्यांच्या आवारात मालक इनामदार दिगंबरला समजावत होते, "अहो कुलथे, चांगली विजेवरची गाडी देऊन ही वीस वर्षांची पेट्रोलची कशाला घेता? हिला काही कळत नाही. सगळं हातानं करावं लागतं."

"तशीच हवी."

त्याची विजेवरची गाडी रोज पावणेपाचला आपणहून तबल्याच्या क्लासकडे वळायची, फाटकापाशी थांबून मागचं दार उघडायची आणि मुक्ताची वाट पाहायची. लेकीला जाऊन सात महिने झाले होते.

"मेमरी पुसून घ्यायची की."

"तीनदा पुसली. पुन्हा शिकते."

इनामदारांनी पेट्रोलच्या गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. दिगंबरनं लिंबावरून गाडी काढली आणि घरचा रस्ता धरला. मन कोरडं ठणठणीत होतं. हात काय करताहेत, याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा समोर क्लासचं फाटक होतं. घड्याळात पावणेपाच झाले होते. या गाडीचं मागचं दार आपोआप उघडणार नव्हतं. दिगंबर खाली उतरला आणि त्यानं ते उघडून धरलं.